व्हरमाँटमधली आगोट

वरच्या रस्त्याला मेंढ्या पाळून राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला त्या हिवाळ्यात सांभाळलं, हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मागून सांगते. सांगताना माझं नेहमी मागेपुढे होतं, आणि ज्याचं नाव आधी घ्यायचं ते शेवटी राहूनच जातं. तसं नाव मी त्यांचं कधीच घेतलं नाही. नावानं हाक मार, असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी मावशी म्हणू लागले. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. आईची बहीण, असं मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, मला बहीण नव्हती, आता एक झाली म्हणायची.

साल चौऱ्याऐंशी. आम्ही ऑगस्टात व्हरमाँटला आलो. त्याआधी ॲन आर्बरला माझ्या वन्संकडे, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे, तळघरातल्या खोलीत राहत होतो. वन्सं डॉक्टर. त्यांनीच कागदपत्रं करून आम्हाला अमेरिकेत आणलं होतं. हे टर्नर. कुडाळ सोडून मुंबई, मुंबई सोडून मिशिगन, लेथपुढे उभं राहिलं की सगळी गावं सारखीच, असं हे म्हणायचे. मिशिगनमधला कारखाना बंद पडला आणि ह्यांना व्हरमाँटच्या डोंगरात एका लहान गावी काम मिळालं, तेही दुसऱ्या पाळीचं. म्हणजे दुपारी जायचं आणि मी झोपल्यावर परत यायचं.

घर मिळालं ते गावापासून लांब, कच्च्या रस्त्याला. लाकडाचं, जुनं, एका बाजूला किंचित कललेलं. तळघरात पूर्वी घर तापवायची, तेलावरची भट्टी होती, ती घरमालकाने काढून नेली होती. आता उबेला म्हणून जे काही होतं ते स्वयंपाकघरात. लाकडावर चालणारा एक काळा लोखंडी स्टोव्ह, त्याचा पाइप भिंतीतून धुराड्यात गेलेला. डोंगर मात्र चारी बाजूंनी हिरवे होते. मी वन्संना फोनवर सांगितलं, इथे अगदी आपल्या घाटासारखं आहे. वन्सं म्हणाल्या, "आत्ता आहे. ऑक्टोबरात फोन कर."

आमची मुलगी तेव्हा जेमतेम मान धरून बसायला शिकत होती. एप्रिलात, दिवस भरायच्या आधीच झालेली. छाती नाजूक. जरा सर्दी झाली की श्वासाबरोबर आत घरघर वाजायची. इथल्या डॉक्टरने पहिल्याच तपासणीत सांगितलं, हिला गारठा लागता कामा नये आणि धूर तर मुळीच नको. हे ऐकून वन्संनी फोनवर निकाल देऊन टाकला. हिवाळ्याच्या आत बाळाला कुडाळला सासूबाईंकडे पाठवायचं. त्यांच्या ओळखीच्या एक काकू डिसेंबरात मुंबईला निघाल्या होत्या, त्या मांडीवर घेऊन जातील. दोन वर्षं तिकडे राहील, अंग धरेल, मग आणायची.

"सगळे हेच करतात," वन्सं म्हणाल्या. "माझा नाही का राहिला पुण्याला? काही होत नाही. प्रॅक्टिकल बघ जरा."

खोटं नव्हतं ते. त्या काळात आपल्या लोकांत कितीतरी जणींनी असं केलं होतं. कुणाचं ट्रेनिंग, कुणाच्या पाळ्या, कुणाची दोन-दोन कामं. बाळ आजीकडे आणि आई इथे, दूध आटवायच्या गोळ्या घेत. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. डॉक्टरीणबाईंना काय सांगणार? मी ह्यांना सांगितलं. घर उबदार ठेवलं तर? धूर होऊ दिला नाही तर? हे बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसले. मग म्हणाले, "थँक्सगिव्हिंगला ताई येणार आहे. तोवर घर झालं तर राहील. नाही झालं तर ताई तिला घेऊन जाईल. मग माझ्याशी भांडायचं नाही."

नाही भांडणार, असं मी म्हटलं. अशी मला नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळाली.

मला खरं तर त्या दिवशी थोडा धीरच आला होता. कारण तयारी करणं हे मला येत होतं. आमच्याकडे कोकणात पावसाळ्याआधीच्या तयारीला आगोट म्हणतात. चार महिने घरातून बाहेर पडणं मुश्कील, तेव्हा मे महिन्यात सगळं भरून ठेवायचं. लाकडं फोडून पडवीत रचायची, शेणी भरायच्या, कोकमाची सोलं आणि सुकी मासळी माळ्यावर टाकायची, नळ्यांची कौलं परतून छप्पर शाकारायचं, माडाच्या झावळांच्या झड्या विणून पडवीला बांधायच्या म्हणजे पावसाची झोड आत येत नाही. माझी शाळा सुटली तीही आगोटीतच. आईने त्या वर्षी मे महिन्यात अंथरूण धरलं, आणि घरात दुसरं मोठं कुणी नव्हतं. आगोट मी केली. पाऊस सुरू झाला, शाळा सुरू झाली, आई उठली नव्हती. मग मी गेलेच नाही. तेव्हा मला वाटलं, इंग्रजी येत नसेल, गाडी चालवता येत नसेल, पण हे एक काम असं आहे जे मला वन्संपेक्षा जास्त येतं.

लाकूडवाल्याने ट्रकभर लाकूड अंगणात ओतलं. जाताना ह्यांना म्हणाला, झाकून ठेवा. मी झाकलं. आधी सगळं घराच्या दक्षिण बाजूला नीट रचलं. बाळ झोळीत झोपलं की बाहेर यायचं, दहा-वीस ओंडके रचायचे, कान खिडकीकडे. हाताला सालीच्या काड्या शिरायच्या, पाठ ताठ व्हायची. रचून झाल्यावर गावातल्या दुकानातून काळं प्लॅस्टिक आणि एक मोठी निळी ताडपत्री आणवली. ती सगळ्या ढिगाभोवती जमिनीपर्यंत गुंडाळली. कडा दगडांखाली दाबल्या, वरून दोरी आवळली, आणि जिथे फट राहिली तिथे जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले. आमच्याकडे जूनच्या पावसात असं बांधलेलं लाकूड गणपतीपर्यंत खडखडीत राहतं. ह्यांनी सुटीच्या दिवशी ढिगाला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "आता मुंगीसुद्धा आत जायची नाही."

एवढं बोलले तेही मला पुष्कळ झालं.

मग खिडक्या. दुकानात खिडक्यांना लावायचं पातळ प्लॅस्टिक मिळतं ते लावलं. दारांच्या खालच्या फटींना गोधडीच्या वळकट्या केल्या. दुधाची भुकटी, पीठ, बटाटे, कांदे तळघरात भरले. सकाळी उठले की कुठून तरी गार वारा यायचा आणि मी हात पुढे करून भिंतींना चाचपत फिरायचे, आंधळ्यासारखी. एक फट बुजवली की दुसरी सापडायची. सप्टेंबरात डोंगर लाल-पिवळे झाले, लांबून लोक गाड्या घेऊन पानं बघायला आले, रस्त्याकडेला उभे राहून फोटो काढत. मी एकदाही मान वर करून बघितलं नसेन. दमणूक अशी होती की जेवताना घास हातात राहायचा. आणि दमलेलं असूनही झोप नाही, कारण बाळाचा श्वास ऐकायचा.

त्या महिन्यात स्टोव्हला आम्ही जुन्या भाडेकरूने पडवीत सोडून दिलेलं लाकूड घालत होतो. नव्या ढिगाला हात लावला नव्हता. दसरा झाल्यावर काढायचं, असं मी ठरवलं होतं. ह्यांच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात. ह्यांनी आपले पाने, कॅलिपर आणि नवी कुऱ्हाड पाटावर मांडली. झेंडू हवा होता. वरच्या रस्त्याच्या बाईंच्या बागेत झेंडू मी येताजाता पाहिला होता. रात्री दहिवर गोठायला लागलं होतं तरी त्यांनी जुन्या चादरी पांघरून तो जगवला होता. मी बाळाला कडेवर घेऊन चढण चढून गेले आणि खुणेने फुलं मागितली. ती आमची पहिली भेट. त्यांनी कशाला हवीत ते विचारलं. मी हात जोडून दाखवले. त्यांनी कात्रीने सगळी फुलं कापून माझ्या पदरात टाकली. त्यांचा मी हार केला. थोडा हत्यारांना, आणि उरलेला लाकडाच्या ढिगावर, दोरीला बांधून. वर्षभर ज्याच्या जिवावर राहायचं त्याला नमस्कार करावा, एवढंच मनात होतं.

पुढच्याच आठवड्यात पडवीतलं लाकूड संपलं. मी ढीग उघडला.

आधी वास आला. ओल्या पोत्याचा, बंद विहिरीचा असतो तसा. मग पाहिलं तर लाकडांच्या टोकांवर पांढरी बुरशी, मधल्या थरात चक्क छत्र्या उगवलेल्या. प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. पाऊस आत गेला नव्हता. लाकडाच्या पोटातलं पाणी बाहेर पडून आतच राहिलं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, कुठे तरी फट राहिली. मी वरवरची बरी दिसणारी लाकडं आत आणून पेटवली. ती पेटेनात. टोकांतून फेस यायचा, सुं सुं आवाज यायचा, आणि धूर धुराड्यातून वर जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात परत यायचा. खिडक्या तर मी प्लॅस्टिकने बंद केलेल्या. दार उघडावं तर गारठा, लावावं तर धूर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाच्या छातीत घरघर सुरू झाली. हे कामावर. मी तिला शालीत गुंडाळून व्हरांड्यात उभी राहिले, तिच्या तोंडावर पदर धरून, आणि ह्यांची गाडी यायची वाट पाहिली.

दवाखान्यात वाफ दिली, औषध दिलं. घरात धूर होतो का, असं डॉक्टरने विचारलं. हे माझ्याकडे बघितल्याशिवाय हो म्हणाले. घरी आल्यावर ह्यांनी ॲन आर्बरला फोन लावला. मी बाजूला उभी होते. हे फक्त हं, हं म्हणत होते. ठेवल्यावर म्हणाले, थँक्सगिव्हिंगला येताना ताई पासपोर्टच्या फोटोचं बघणार आहे. मी बाळाला औषध पाजलं. भांडायचं नाही, असं कबूल केलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाई दारात.

त्यांचा जुना ट्रक होता, पुढचा एक दिवा फुटलेला. ट्रक अंगणात लावून त्या आधी छपराकडे बघत उभ्या राहिल्या. आमच्या धुराड्यातून पिवळट पांढरा धूर निघून खाली रस्त्यावर लोळत होता. मग सरळ ढिगाकडे गेल्या. ताडपत्री एका कोपऱ्यातून उघडलेली होतीच. सुकलेला हार अजून दोरीला लटकत होता. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"हे लाकूड आहे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. झोपलेले हे तोवर उठून बाहेर आले होते. पुढचं ह्यांनी मला मराठीत सांगितलं. बाई म्हणत होत्या, मी महिनाभर रोज इथून जाताना हे बघतेय. एवढं घट्ट बांधलेलं, बाजूला दगड, वर फुलं. मला वाटलं तुमचं कुणी तरी गेलंय, आणि तुमच्याकडे असंच ठेवतात. म्हणून मी विचारलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला काय विचारायचं? उलट मी जाताना ट्रक हळू चालवायचे.

हे ऐकून ह्यांना हसू आवरेना. मला हसावं की रडावं ते कळेना. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी बाळाला दाखवलं, तिच्या छातीवर हात ठेवला, हाताने विमान उडवून दाखवलं, आणि बोटाने लांब कुठे तरी. ह्यांनी हसणं थांबवून त्यांना सगळं नीट सांगितलं. थँक्सगिव्हिंग, बहीण, पासपोर्ट, सगळं. बाई बोलल्या त्या एवढंच, "कधी, थँक्सगिव्हिंगला?" मग ट्रकमध्ये बसून निघून गेल्या. मला वाटलं, झालं.

तासाभराने ट्रक परत आला, काठोकाठ लाकडाने भरलेला. करड्या रंगाचं, टोकाला भेगा पडलेलं. त्यांनी दोन तुकडे माझ्या हातात दिले आणि एकमेकांवर आपटायला लावले. टणक, कोरडा आवाज आला, भांड्यावर भांडं वाजावं तसा. मग आमच्या ढिगातले दोन दिले. भद्द. एवढ्यावरून मला कळलं. ह्यांना भाषांतर करावं लागलं नाही. बाईंचं म्हणणं असं की त्यांचं लाकूड दोन उन्हाळे वाळलेलं आहे, ते आम्ही यंदा जाळायचं. आमचं त्या घेऊन जातील, उघड्या हवेला रचतील, पुढच्या वर्षी तेही असंच होईल. लाकडाला फक्त डोक्यावर टोपी लागते, त्या म्हणाल्या, अंगात कोट नाही. वारा बाजूने आरपार गेला पाहिजे.

त्यांचं स्वतःचं यंदाचं काय, असं ह्यांनी विचारलं. माझ्याकडे आहे, असं त्या म्हणाल्या. होतं ते किती होतं, ते मला पुढे जानेवारीत कळलं. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या बंद करून टाकल्या होत्या आणि स्वयंपाकघरात खाट आणून झोपत होत्या. आम्हाला बोलल्या नाहीत.

त्यानंतरचे आठवडे मला सलग एकच दिवस असल्यासारखे आठवतात. हे दुपारी कामावर गेले की मावशी यायच्या. आम्ही दोघी ट्रकमधून लाकूड उतरवायचो, आमचं चढवायचो. बाळ स्वयंपाकघरात झोळीत. तुळईला साडीची झोळी बांधलेली बघून मावशी पहिल्या दिवशी घाबरल्या, हात लावून गाठ तपासली, मग स्वतःच झोका देऊन बघितला. मी साडीवर ह्यांचा कोट आणि पायात ह्यांचे बूट घालून काम करायचे. हा तुझा साडीचा घोळ एक दिवस स्टोव्हमध्ये जाईल, असं त्या रोज म्हणायच्या. शेवटी त्यांनी आपल्या वारलेल्या नवऱ्याची लोकरी पँट आणली. मी जन्मात पँट घातली नव्हती. कंबरेला काथ्याने बांधून घातली. ह्यांनी सुटीच्या दिवशी खिडकीतून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मला वाटलं आपल्याकडे कोण पाव्हणे आले." मावशींनी, काय म्हणतो तो, असं विचारलं. ह्यांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, त्याला सांग, पाहुण्याला तरी चहा कर.

धुराड्यात लांब काठीचा तारेचा ब्रश घालून आम्ही काजळी काढली. बादलीभर निघाली, डांबरासारखी चिकट. हीच पेटते आणि घर जातं, असं मावशी म्हणाल्या, आणि मला हात लावून बघायला सांगितलं, म्हणजे लक्षात राहील. घराच्या पायाभोवती डांबरी कागद ठोकला आणि त्यावर फरच्या, म्हणजे इथल्या एका सुरूसारख्या झाडाच्या, फांद्यांचा जाड थर लावला. खालून वारा शिरू नये म्हणून. हे करताना मला पहिल्यांदा बरं वाटलं. झड्या बांधणं हेच. माझे हात आपोआप चालायला लागले, फांद्या एकात एक अडकवून मी अशा बांधल्या की मावशी थांबून बघत राहिल्या. हे कुठे शिकलीस, त्यांनी विचारलं. घरी, मी म्हटलं. त्यांनी आपल्या घराच्या फांद्यासुद्धा त्या वर्षी माझ्याकडून बांधून घेतल्या.

पण हे सगळं छान चाललं होतं असं कुणी समजू नये. मी घाबरलेली होते. मावशींचे गुडघे दुखायचे, ट्रकमधून उतरताना त्या दाराला धरून थोडा वेळ उभ्या राहायच्या, आणि मला वाटायचं, ह्या माझ्यासाठी का करतायत आणि उद्या आल्या नाहीत तर? थंडी रोज थोडी पुढे सरकत होती. नळाचं पाणी हाताला चावायचं. रात्री स्टोव्हमध्ये लाकूड घालायला उठायचं, राखेखाली निखारे कसे दाबून ठेवायचे ते शिकले तरी विश्वास बसायचा नाही. बाळ खोकलं की मी तिच्याकडे न बघता आधी स्टोव्हकडे बघायचे. कधीकधी वाटायचं, जाऊ दे. कुडाळला ऊन आहे, सासूबाई आहेत, शेजारपाजार आहे. तिथे ती मजेत राहील आणि मी इथे एकदाची झोपेन. असं वाटून झालं की मी उठून बाहेरून आणखी एक हातभर लाकूड आत आणायचे.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. हे त्यांना विमानतळावरून घेऊन आले तेव्हा बर्फ पडत होता. वन्संच्या अंगात लांब कोट, आत स्वेटर, आत आणखी एक स्वेटर, हातमोजे, कानाला टोपी. बाळाला घेण्याआधी त्यांनी स्टेथोस्कोप काढला. दोन्ही फुप्फुसं पुढून-मागून ऐकली. मग भिंतीवरून हात फिरवला, खिडकीच्या कडेला हात धरला. मी जशी दोन महिने फिरले होते तशाच त्या घरभर फिरल्या.  रात्री म्हणाल्या, "आत्ता ठीक आहे गं. पण हा नोव्हेंबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर वीज गेलेली. ओल्या बर्फाने कुठे तरी तार तुटली होती. बाहेर काहीच दिसत नव्हतं, रस्ता नाही, कुंपण नाही. मी स्टोव्ह चेतवला. मावशींचं लाकूड, दोन फुंकरीत धरलं. वर चहा ठेवला, मग तांदूळ. बाळ झोळीत आपल्याशीच बडबडत होतं. वन्सं स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी कोट काढला. मग टोपी. मग एक स्वेटर. मी भाजी चिरत होते, पण माझं सगळं लक्ष तिकडेच होतं. दुसरा स्वेटर काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाळाला झोळीतून उचलून मांडीवर घेतलं. आणि मग एका पायाने दुसऱ्या पायातला मोजा खाली ढकलला, तसाच दुसरा, आणि अनवाणी पाय स्टोव्हसमोर लांब केले.

हे म्हणाले, "ताई, पाय गार पडतील."

"नाही पडत," वन्सं म्हणाल्या. त्या बाळाकडे बघत होत्या. बाळाने त्यांच्या बांगडीला धरलं होतं. बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा पुण्याहून परत आला ना, तेव्हा मला काकू म्हणाला. एअरपोर्टवर. सहा महिने काकूच म्हणत होता."

ह्यांनी मान खाली घातली. त्यांना ते ठाऊक असावं. मला नव्हतं. मी विळी बाजूला ठेवली. वन्संनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. त्या फक्त म्हणाल्या, "फोटोचं राहू दे आता. मार्चपर्यंत बघू. पण खोकला झाला तर त्याच दिवशी मला फोन. रात्री-बेरात्री. कळलं?"

हो, मी म्हटलं.

दुपारी मावशी बर्फातून चालत खाली आल्या, हातात 'पाय', म्हणजे भोपळ्याचं गोड सारण घालून भाजलेला इथला पदार्थ. वन्संनी त्यांच्याशी भराभर इंग्रजीत बोलून घेतलं. काय बोलल्या ते मला सगळं समजलं नाही. शेवटी वन्संनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मावशी अवघडून म्हणाल्या की आभाळ बघता मला निघायला हवं. जेवण वाढून झाल्यावर मी पाणी प्यायला म्हणून आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर बसले. उठले तेव्हा अंधार पडला होता. कुणी मला उठवलं नव्हतं. माझ्या अंगावर वन्संचा लांब कोट होता.

आनंद वगैरे झाला का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पुढे डिसेंबर होता, जानेवारी होता, फेब्रुवारी तर विचारू नका. त्या हिवाळ्यात बाळाला दोनदा घरघर झाली, एकदा मावशींनी आम्हाला ट्रकने दवाखान्यात नेलं, ह्यांची गाडी चढच चढेना. मार्च आला. वन्संनी फोनवर विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, रांगतेय. त्या पाठवण्याबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत, मीही आठवण दिली नाही.

ह्याला आता पाच वर्षं होत आली. आम्ही त्याच घरात आहोत. मुलगी सकाळी पिवळ्या बसने शाळेत जाते, घरी येऊन माझ्याशी अर्धं इंग्रजीत बोलते, मी मराठीत उत्तर देते. छाती पुष्कळ सुधारली. ह्यांना दिवसपाळी मिळाली.

मावशींचे गुडघे मात्र गेले. यंदा त्यांनी मेंढ्या विकल्या. त्यांची मुलगी फ्लोरिडात असते. ती म्हणते घर विका आणि माझ्याजवळ एखाद्या फ्लॅटमध्ये राहा, तिथे लाकूड नाही, बर्फ नाही. मुलगी वाईट नाही. तिला काळजी आहे. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. मावशी खिडकीशी बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, तिने मला हा हिवाळा संपेपर्यंत मुदत दिलीय. मला एकटीने जमलं तर राहायचं, नाही तर जायचं.

 माझं इंग्रजी अशा वेळी अजूनही आटतं. पण घरी येताना चढणीवर मी ठरवलं ते इथे लिहून ठेवते. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते मी अजून फेडलेलं नाही, अधूनमधून डाळभाताचा डबा देऊन ते फिटत नाही. ज्या हिवाळ्यात त्यांच्याने लाकूड उचलवणार नाही, त्या हिवाळ्यात त्यांचं लाकूड मी आत नेईन. त्यांचं धुराडं मी साफ करीन, पायाभोवती फांद्या मी बांधीन, आणि त्यांच्या मुलीला फोन करायचा झाला तर मोडक्यातोडक्या भाषेत तोही मीच करीन. जोवर त्यांना स्वतःच्या घरात राहायचं आहे तोवर त्यांना कुणी थंडीच्या नावाखाली बाहेर काढणार नाही. एक ना एक दिवस मी हे फेडीन.